केरसुणीचं गाऱ्हाणं

मी आज जो काही आहे तो माझ्या काकीमुळे. ती चौथी शिकलेली आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तरी हे वाक्य मी विचार करूनच लिहितो आहे.

वडील आणि काका मुंबईला नोकरीला. आई दिवसभर शेतात नाहीतर गुरांमागे. त्यामुळे मालवणजवळच्या आमच्या घरात मुलांची सगळी फौज काकीच्या ताब्यात असे. मी थोरला, तेव्हा दहावीत. बाकीची भावंडं लहान आणि सगळ्यांत धाकटी काकीची मुलगी, चार वर्षांची. विजेचा दिवा एकच, ओटीवर. त्याच ओटीवर दिवसभर नारळाच्या सोडणांची गलबतं चालत, पोफळीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, घेऊन तिच्यावर बसलेल्याला बाकीचे ओढत. दिवेलागणीला माझं पुस्तक ठेवायलाही तिथे जागा नसे. जागा नाही तर अभ्यास नाही, आणि अभ्यास नाही तर दहावी नाही, हे काकीला माझ्याआधी कळलं होतं.

तिने आधी रागावून पाहिलं. मुलं ऐकून घेत आणि खेळत राहत. मग एका संध्याकाळी ती पदर खोचून, हात जोडून ओटीच्या मधोमध उभी राहिली आणि देवळातल्या मानकऱ्याच्या आवाजात सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरची फुकणी चूल सोडून हयसर इली आसा, तिका तिच्या जाग्यार पोचव रे म्हाराजा."

आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून वडीलधारा माणूस असं मागणं घालतो आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मुलांच्या तोंडून ते सवयीनेच बाहेर पडलं. सगळ्यांत मोठ्याने म्हणेल त्याला ती वस्तू विरीवर घालून पालखीसारखी मिरवत न्यायचा मान, असं काकीने ठरवून टाकलं. मानावरून देवळात भांडणं होतात, ती ओटीवरही झाली. पण जागा मोकळी झाली. शेवटचं मागणं रोज माझ्या नावाचं असे.

"आणि हो थोरलो पुस्तक उघडून डोळे मिटता, तेका जागो ठेव रे म्हाराजा."

याला होकार सर्वांत जोरात मिळे.

हे फार दिवस चाललं नाही. आजोबांनी एकदा बाकावरून ते ऐकलं, तेव्हा पाळी केरसुणीची होती. "गाऱ्हाणा देवाक घालतत, केरसुणीक नाय," ते म्हणाले. काकी सासऱ्यांशी थेट बोलत नसे, जे सांगायचं ते मुलांमार्फत. तिने धाकटीला सांगितलं, आजोबांना सांग की देवाला नीटनेटकं घर आवडतं. धाकटीने जाऊन सांगितलं की देवाला केरसुणी आवडते. झालं, खेळ बंद. ओटीवर पुन्हा गलबतं लागली आणि मी भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसू लागलो. सहामाही जवळ आली होती. काकी येता-जाता माझ्याकडे पाही.

त्या वर्षी चतुर्थीला काकांना रजा मिळाली नाही. गणपतीपुढे नारळ ठेवून आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. पान खाण्याची चंची त्यांनी घाईत तिथेच पाटाच्या कडेला ठेवली होती. पीकपाणी झालं, गुरंढोरं झाली, मग काकांना घरी आणायचं मागणं आलं आणि त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

"जे घर सोडून लांब गेले आसत, तेंका आपल्या जाग्यार हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," धाकटी सगळ्यांच्या वर ओरडली, पुढे झाली आणि चंची उचलून आतल्या खुंटीला अडकवायला धावत गेली. विरी मिळाली नाही म्हणून डोक्यावर धरून नेली.

कोणी हललं नाही. आई माझ्याकडे बघेना, मी काकीकडे बघेना. आजोबांनी पाटाच्या कडेला चाचपून पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पुन्हा हात जोडले.

"माजी चंची जाग्यार गेली, तशी ह्या पोरांची अक्कल पण जाग्यार हाड रे म्हाराजा."

पहिला 'होय म्हाराजा' स्वयंपाकघराच्या दारातून आला. काकीचा आवाज सासऱ्यांसमोर इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

गणपती विसर्जन झाल्यावरच्या संध्याकाळी आजोबा बाकावरून म्हणाले की त्यांची काठीही जागेवर नाही, कोणाला दिसत नाही का. तेवढं पुरलं, ओटीवरचं गाऱ्हाणं पुन्हा सुरू झालं. मार्चपर्यंत दिव्याखालचा कोपरा माझा राहिला. मी दहावी झालो, पुढे फोंडाघाटातून एसटीने कोल्हापूरला कॉलेजात गेलो. तिथून शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर काकीला लिहिलं ते असं:

तीर्थरूप काकीस साष्टांग नमस्कार.

काल निकाल लागला. मी बी. ए. झालो. आजोबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि आता थेटच सांग, मधे धाकटीला घालू नकोस.

माझा खोलीतला जोडीदार घाटावरचा आहे. त्याचे कपडे खोलीभर पसरलेले असतात. मी गाऱ्हाणं घातलं. तो होय म्हाराजा छान म्हणतो, पण उठत नाही. तुझ्यासारखं मला जमत नाही.

धाकटी यंदा पाचवीत जाईल. दिव्याखालचा कोपरा आता तिला दे. माझ्यासाठी तिने पुष्कळ उचललं. आता तिच्यासाठी बाकीच्यांनी उचलावं. मुलगी आहे म्हणून तिला अभ्यासातून कोणी उठवू नये, हे मागणं तूच घाल. मी शनिवारी येतो. होय म्हाराजा म्हणायला एक मोठा आवाज कमी पडू देणार नाही.