भित्रा नायक

ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात आमच्या शेजारी राहणारा ज्युलियन दारावरची बेल वाजली की दार उघडायच्या आधी आतूनच "सॉरी, सॉरी" म्हणायचा. नवीन घरी राहायला आल्यावर मी शिऱ्याची वाटी घेऊन ओळख करून घ्यायला गेले. त्याने दार उघडलं आणि मी त्याला लगेच ओळखलं. ठाण्याला कॉलेजात असताना ज्याचे सगळे इंग्रजी प्रेमपट मैत्रिणींबरोबर पाहिले, तो हा नट. कपाळावर येणारे केस तेवढे पांढरे झाले होते.

पडद्यावर तो दर वेळी तसाच असायचा. देखणा, सभ्य, नायिकेला मनातलं सांगायला जाऊन हवामानाबद्दल बोलणारा, आणि शेवटी गाडी सुटायच्या आत धापा टाकत प्लॅटफॉर्मवर पोचणारा. त्या अडखळण्यावर आम्ही जीव टाकायचो.

"तो अभिनय नव्हता गं," तो एकदा म्हणाला. "कॅमेरा सुरू झाला की मी घाबरायचो. लोकांना ते गोड वाटायचं." मग एका सिनेमात प्रेम व्यक्त करायच्या प्रसंगाला त्याचा श्वासच अडकला. तो सेटवरून निघून गेला, तो परत गेलाच नाही. डार्विनला बहीण होती, तिच्याकडे आला आणि ती वारल्यावरही राहिला. "इथे माझ्याकडे कोणी बघत नाही. बघायला मगरी आहेत."

एका पावसाळ्यात चक्रीवादळ आलं, तेव्हा माझा नवरा भर समुद्रात, गॅस काढायच्या प्लॅटफॉर्मवर कामाला होता. घरी मी आणि माझी सात वर्षांची मुलगी इरा. निवारा केंद्राचा रस्ता सकाळीच पाण्याखाली गेला. आमचं घर खांबांवर उभं, लाकडी. दुपारी ते हलायला लागलं. डोक्यावर पत्रे थडथडत होते आणि मी इराला कवटाळून देवाचं स्तोत्र म्हणत होते, पण पुढचे शब्द आठवत नव्हते.

दारावर थापा पडल्या. सायकलचं हेल्मेट घातलेला, चिंब भिजलेला ज्युलियन बाहेर उभा होता. "माझं घर काँक्रीटचं आहे," तो म्हणाला. "येता का? मला एकट्याला फार भीती वाटतेय."

आम्ही जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर असताना एक पत्रा समोरून भिरभिरत गेला आणि कुंपणात घुसला. ज्युलियन जागच्या जागी थिजला. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, ओठ पांढरेफटक. मी हाका मारल्या, त्याला ऐकूच येईना.

इराने त्याचा शर्ट ओढला. "ज्युलियन, मूव्ह."

"इरा," तो कसाबसा म्हणाला, "माझा पुढचा डायलॉग काय आहे, ते सांग."

ती म्हणाली, "रन."

त्याने तिला उचललं आणि धावत सुटला. मी मागे. त्याच्या बाथरूममध्ये गादी डोक्यावर ओढून आम्ही तिघं बसलो. तो इराला स्वतःच्याच एका सिनेमाची गोष्ट सांगत होता, पात्रांची नावं चुकवत. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. मध्येच बाहेर काहीतरी फाडल्यासारखा प्रचंड आवाज झाला. आमचं छप्पर गेलं होतं.

"आर यू ॲक्टिंग?" इराने विचारलं.

"नाही गं, राणी. माझा हात धरशील?"

तिने धरला. दुसरा मी.

पुढे आम्ही सिडनीला, केलीव्हिल उपनगरात राहायला आलो. गेल्या महिन्यात ज्युलियन झोपेतच गेला. बातम्यांत त्याचे तरुणपणीचे फोटो होते, कपाळावर आलेले केस, मोहक हसू. मी इराला दाखवले.

"दॅट्स नॉट हिम, आई," ती म्हणाली. "ही डझन्ट लुक स्केअर्ड."