सीटखालची खूण

श्यामराव भुसारींच्या कमरेचं जे वाटोळं झालं, ते एका कूलरपायी. भोपाळच्या अवधपुरीत ऊन तापू लागलं की घरोघरी खिडकीत कूलर चढतो, आणि तो चढवायला दोन माणसं लागतात हे श्यामराव सोडून सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. "थांबा, शेजारून कुणाला तरी हाक मारते," असं कांचनताई म्हणेपर्यंत यांनी तो उचललासुद्धा. कारखान्यात उभं आयुष्य लोखंडाशी झुंजण्यात गेलेलं, तिथे या पत्र्याच्या डब्याची काय मातब्बरी! कूलर खिडकीत बसला आणि श्यामराव जमिनीवर. मणक्यातली गादी सरकली होती.

पुढे कितीतरी महिने त्यांनी फक्त छताचा पंखा पाहिला. मग कमरेला पट्टा बांधून घरातल्या घरात फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुखणं ते निमूट सोसत होते. पण जिन्याखाली धूळ खात उभी असलेली सायकल त्यांना बघवत नव्हती.

वर्ध्याहून नुकतीच मिसरूड फुटलेला हा फिटर भोपाळला नोकरीला आला, तेव्हा पहिली खरेदी केली ती या सायकलची. त्या काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा नुसता लोंढा बाहेर पडायचा. रस्ता दिसायचाच नाही. घंट्यांचा गलका, हँडलला लटकणारे रिकामे डबे खुळखुळताहेत, कुणी मल्याळीत हसतोय, कुणी बंगालीत भांडतोय, आणि मधोमध आमचे भुसारी छाती काढून पायडल मारताहेत. कांचनताई लग्न होऊन आल्या त्या याच सायकलच्या कॅरियरवर बसून पिपलानीचा बाजार करायला शिकल्या. मुलगा प्रतीक पुढच्या दांडीवर बसून शाळेत गेला. निवृत्त झाल्यावरही श्यामराव रोज पाळी सुटायच्या वेळी फाटकापर्यंत चक्कर मारून यायचे. काम काही नसायचं. गेल्याशिवाय चैन पडायची नाही, एवढंच.

डॉक्टरांनी एकदाची सायकलला परवानगी दिली, तर पुण्याहून प्रतीकने व्यायामाची सायकल पाठवून दिली. "बाबा, घरातच चालवा, पडायची भीती नाही." जी जागची हलत नाही तिला सायकल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे! श्यामरावांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले आणि जिन्याखालची बाहेर काढली.

मग अंगणात वर्तमानपत्रं अंथरून त्यांनी ती पार सुटी केली. चेन रॉकेलमध्ये धुतली, छर्ऱ्यांना ग्रीस भरलं. शेवटी सीट बसवली. सीटखालच्या नळीवर त्यांनी तरुणपणी कानशीने एक बारीक खूण केली होती. एकदा नीट मापायचं, खूण करायची आणि पुन्हा अंदाजाच्या वाटेला जायचं नाही, हे कारखान्याने त्यांच्या हाडात मुरवलं होतं. त्यांनी सीट बरोबर खुणेवर आणली आणि बोल्ट आवळला.

पहिल्या संध्याकाळी चौकापर्यंत जाईतो कंबर ठणकू लागली. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्यांदा तर ते सायकल हातात धरून चालत परत आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "कांचन, भंगारवाला आला की दे त्याला ही. आपलं संपलं."

हे सायकलबद्दल नव्हतं, हे कांचनताईंना बरोबर कळलं.

"अहो, पण मी दारातून बघत होते," त्या म्हणाल्या. "पायडल खाली गेलं की तुम्ही सीटवर एका अंगाला झुकता. मग दुसऱ्या. कंबर दुखणार नाही तर काय? सीट उंच होतेय तुम्हाला."

"सीट खुणेवर आहे."

"खूण कधीची?"

"पहिल्यापासूनची!"

कांचनताई आत गेल्या आणि श्यामरावांची राखाडी पँट घेऊन आल्या. "ही मी वर्षात दोनदा आखूड केलीय. टाचेखाली यायला लागली होती. तुम्हाला बोलले नाही, म्हटलं मनाला लावून घ्याल. कमरेत न् गुडघ्यांत वाकलात, उंची कमी झालीय हो तुमची."

श्यामराव भडकले. "माणसाची उंची कमी होते होय? काहीतरी बोलायचं!" पण कांचनताईंच्या हातातल्या पँटवर जुन्या दुमडींच्या दोन रेषा स्पष्ट दिसत होत्या, आणि समोर दिसणारं माप नाकारणं त्यांच्याच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी पँट मांडीवर घेऊन त्या रेषांमधलं अंतर बोटांनी मापलं. त्यांना रडू आलं. ती खूण करणारा वर्ध्याचा पोरगा आपल्यात कुठेतरी शाबूत आहे, अशी त्यांची समजूत होती. सीट खाली घेणं म्हणजे त्याला जा म्हणणं.

शेवटी त्यांनी पाना मागितला. कांचनताईंनी सीट धरली, त्यांनी बोल्ट सैल केला. सीट खाली दाबली तशी खूण चौकटीच्या नळीत गेली, दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी श्यामराव निघाले. चौक आला. ते दुखण्याची वाट बघत होते. चौक मागे पडला, पुढचं वळणही. कंबर कुरकुरत होती, पण ठणकत नव्हती. कारखान्याच्या फाटकापाशी पोचले तेव्हा पाळी सुटतच होती. मोटारी, स्कूटर, मोटरसायकली. सायकल औषधालाही नव्हती. कुठे गेली ती सगळी सायकलवाली माणसं? कुणी केरळात, कुणी नागपुरात, कुणी तर या जगातच नाही. त्यांनी हळूच हँडल वळवलं आणि ते त्या गर्दीत शिरले.

मागून कर्कश हॉर्न वाजला. गळ्यात कारखान्याचा बिल्ला घातलेला एक जवान कामगार ओरडत होता, "अरे अंकल, साइड में चलो ना! पूरा रास्ता घेर रखा है!"

एरवी श्यामरावांनी त्याचा चांगला समाचार घेतला असता. पण वर्षभर जो तो त्यांना बसा म्हणत होता, पडा म्हणत होता, जपा म्हणत होता. बाजूला व्हा असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण ते कुणाच्या वाटेतच नव्हते.

"हाँ भैया, हाँ!" ते मोठ्याने हसून म्हणाले, थोडे कडेला सरकले आणि पायडल मारत राहिले.