चौथ्या दसऱ्याचं सोनं

मुलीनं हट्टानं सिनेमाला नेलं, यवतमाळला. ती तिथं कॉलेजात शिकते, आणि आपल्या बापाला दुकानातल्या टायरांपलीकडे काही कळत नाही असं तिचं ठाम मत आहे. सिनेमा पहिल्या प्रेमाचा होता. इंटरवलपर्यंत सगळं पोराच्या बाजूनं. पोरगी त्याची चिठ्ठी सगळ्यांदेखत फाडून विहिरीत टाकते आणि तो गाव सोडतो. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, अशाच असतात पोरी. इंटरवलनंतर तीच गोष्ट पोरीच्या बाजूनं. तिचा भाऊ मागून येत असतो, चिठ्ठी तिला तोंडपाठ झालेली असते, आणि फाडताना तिचे ओठ तेच शब्द पुटपुटत असतात.

माझ्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा तसाच राहिला.

"बाबा, तुमी रडून राह्यले का?" मुलीनं विचारलं.

"एसी लागून राह्यला डोळ्याले," मी म्हटलं.

माझीही अशी एक गोष्ट होती. सव्वीस वर्षं ती मी एकाच बाजूनं पाहत आलो होतो.

पांढरकवड्यात आमच्या मागच्या गल्लीत ती राहायची. मी तिच्यापेक्षा वर्षानं मोठा. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, आणि घरीसुद्धा त्यांची नजर बिनतिकीट माणूस शोधावा तशी फिरायची. त्यांच्या दारात उगाच उभं राहायची कुणाची छाती नव्हती. अपवाद फक्त दसऱ्याचा. आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी पोरं खिसे भरभरून आपट्याची पानं घेतात आणि घरोघर सोनं द्यायला जातात. त्या दिवशी कुणाचं दार बंद नसतं आणि कशाला आलास असं कुणी विचारत नाही. मी वर्षभर त्या एका संध्याकाळची वाट पाहायचो.

नववीत असताना पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिनं पाणी आणून दिलं. दहावीत चिवडा दिला, आणि माझ्या प्लेटमध्ये शेंगदाणे जास्त होते. त्या शेंगदाण्यांवर मी अख्खं वर्ष काढलं. अकरावीत सोनं देताना ती हसली. ते पान मी रसायनशास्त्राच्या वहीत ठेवलं, आणि त्या वर्षी रसायनशास्त्रात कसाबसा पास झालो.

बारावीच्या दसऱ्याला मी ठरवूनच गेलो. सोनं हातात देताना हळूच म्हणायचं, मले तू आवडते. वाक्य एवढंच, पण आठ दिवस घोकलं होतं. वडील खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या पाया पडलो, आईच्या पाया पडलो आणि तिच्याकडे वळून पान पुढं केलं. तिनं ते घेतलं, आणि एकदम वाकून माझ्या पाया पडली.

बरोबरीची माणसं सोनं देताना हात जोडतात, फार तर गळाभेट घेतात. पाया पडायचं ते मोठ्यांच्या. मला वरून फक्त तिचा भांग दिसला. हात तर तिनं इतके हलके टेकवले, की नाइलाजानं टेकवल्यासारखे.

वडील खुशीत येऊन म्हणाले, "बरोबर हाये. मोठ्या भावासारखाच हाये तो तुले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या चिवड्याला हात न लावता उठलो. राग माझ्या नाकावर असतो, आणि एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. त्यानंतर त्या दारात पाऊल ठेवलं नाही. रस्त्यात ती दिसली की मान फिरवायचो. चार वर्षांनी तिचं लग्न होऊन ती महागावला गेली. मांडव आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मी मुद्दाम ओळखीच्या ट्रकमध्ये बसून हैदराबादला निघून गेलो. पुढं माझंही लग्न झालं, संसार चांगला झाला, तक्रार नाही. फक्त दसऱ्याच्या संध्याकाळी मी दुकान उघडं ठेवायचो आणि घरी सांगायचो, गिऱ्हाईक आहे.

सिनेमा पाहून आल्यापासून मात्र डोक्यात एकच किडा शिरला. त्या दिवशी मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. वाकलेल्या माणसाचा चेहरा वरून दिसत नाही, एवढी साधी गोष्ट मला सव्वीस वर्षांत सुचली नव्हती.

या दसऱ्याला तिच्या माहेरी गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईनं ओळखलं. "लय वर्षांनी रस्ता चुकला, बाप्पा," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तीही सणाला महागावहून आली होती. चष्मा लागला होता, कानांजवळचे केस पांढरे झाले होते. मी सोनं दिलं. या वेळी ती वाकली नाही. हात जोडून म्हणाली, "सोन्यासारखे राहा."

मी बसलो आणि विचारून टाकलं. "त्या वर्षी तू माह्या पाया काहून पडली होती?"

मला वाटलं, आठवत नाही म्हणेल. तिनं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"बाबा समोर बसले होते," ती म्हणाली. "त्याहिच्या देखत तुमाले हात लावाचा दुसरा कोणता रस्ता होता मले?"

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्या उजव्या अंगठ्याले पट्टी बांधली होती. वरून रक्त दिसत होतं. दुखंल म्हणून मी हात हलकाच ठेवला."

मी खाली पाहिलं. त्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. इतकी वर्षं मी ते कापत आलो, पण ते कशानं वाकडं झालं हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिला पट्टीसुद्धा आठवत होती. मला रडू फुटलं, आणि आयुष्यात कुणाचा आला नसेल इतका स्वतःचा राग आला.

"पुढच्या दसऱ्याले मी माह्या हातानं करंज्या केल्या होत्या," ती म्हणाली. "बाबा ड्युटीवर होते. अंधार पडला तरी आईले दार लावू देलं नाई मी. तू काहून नाई आला?"

"नागपूरले गेलतो," मी म्हटलं.

खोटं. मी गावातच होतो. त्या संध्याकाळी खिशात सोनं घेऊन तिच्या घरासमोरून दोनदा सायकल नेली होती, आणि उघड्या दाराकडे मान वळवली नव्हती.