वहीतला विनोद

प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात नमुना पाठ देताना मी एकदा माझ्याच वहीच्या समासातली सूचना मोठ्यांदा वाचली होती : "इथे विनोद सांगावा." विनोद न सांगताच समोरचे सगळे प्राध्यापक हसले. वर्षानुवर्षं तीच पिवळी वही वाचून मी अर्थशास्त्र शिकवत होते आणि स्वतःला विद्यापीठाचं भूषण समजत होते. 'मला कसली उजळणी?' म्हणत, नाक वर करून, निव्वळ बढतीसाठी गेले होते.

आज हे आठवलं, कारण माझी नात अंजू गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना शिकवत होती. तीही आता प्राध्यापक आहे आणि उद्या उजळणी वर्गात तिचा तसाच नमुना पाठ आहे. "मागच्या बाकावरचे, कळलं का?" असं तिनं माझ्या परकराला विचारलं. हातात कागदाचा कपटा नाही! शिकवणाऱ्यानं पुन्हा बाकावर बसायचं, ही मला तेव्हा शिक्षा वाटली होती. अंजूकडे बघताना वाटलं, हा तर मान आहे. माझी मान अशी ताठ झाली की चष्मा घसरला.

"आजी, हसतेस काय? उद्या मधेच सगळं विसरले तर? वही नेऊ का?"

मग मी तिला आमच्या वर्गाच्या प्रमुख बाईंचं सांगितलं. पाठानंतर मी कोपऱ्यात तोंड लपवून चहा पीत होते. त्यांनी माझ्या बशीत एक बिस्कीट ठेवलं आणि म्हणाल्या, "वही छान शिकवते हो तुमची. उद्या तिला घरी ठेवा आणि तुम्ही या."