दोन्ही लेन अडवून

चाकण एमआयडीसीतलं ते सर्कल ज्यानं आखलं, त्यानं आयुष्यात कधी ट्रेलर वळवलेला नाही, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. चार मोठे रस्ते एकमेकांत घुसतात तिथं मधोमध हिरवळ, बंद पडलेलं कारंजं आणि भोवती उंच दगडी कठडा. शेजारी पाटी: अवजड वाहनांनी डाव्या लेनमधूनच जावे.

ट्रेलर असा जात नसतो. पुढं ओढणारा घोडा आणि त्याला मागं जोडलेली लांबच लांब ट्रॉली. घोडा वळला की मागची चाकं त्याच्या पावलावर पाऊल ठेवत नाहीत, आतून जवळची वाट काढतात. सर्कलला वळसा घालताना तोंड डाव्या लेनमध्ये ठेवा, शेपूट उजव्या लेनमध्ये येणारच. त्या वेळी तिथं कार असेल तर ती ट्रॉली आणि कठड्याच्या मध्ये चिरडणार. पाटी लावल्यानं चाकं सुधारत नाहीत.

मी आधी एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. दर काही महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे घरी पाठवतात आणि पुन्हा नवीन म्हणून घेतात. त्याविरुद्ध गेटवर पत्रकं वाटली, लिहिलीही मीच. पुढच्या ब्रेकनंतर मला कुणी बोलावलं नाही. मग हेवीचं लायसन्स काढलं. घरचे म्हणाले, रावेतला एखाद्या ऑफिसात लाग. नाही लागले. बायकांना जड गाड्या झेपत नाहीत हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यातल्या एकानंही स्वतः कधी जड गाडी हाकलेली नव्हती.

एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं ट्रायलवर घेतलं. स्टीलच्या कॉइली, म्हणजे पत्र्याची जड भेंडोळी, चाकणच्या यार्डातून तळेगावला न्यायच्या, शेजारी जुना ड्रायव्हर बसेल, नीट जमलं तर नोकरी, नाहीतर नमस्कार. ते जुने ड्रायव्हर म्हणजे चाकण गावातलेच एक चाचा. त्यांचे वडीलही ट्रकवरच होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच धडा दिला.

"पोरी, सर्कलमंदी लाजायचं न्हाई. दोन्ही लेन धरायच्या. अर्धी जागा सोडलीस की कुणीतरी तोंड घालतंय, आन मग आपल्या हातात काय राहत न्हाई."

ट्रायलच्या शेवटच्या फेरीला माल सकाळीच भरून मिळणार होता. यार्डवाल्यांनी आम्हाला रांगेत बसवून ठेवलं आणि गाडी नेमकी शिफ्ट सुटायच्या वेळेला बाहेर काढली. हे नेहमीचंच. उशीर यार्डाचा, शिव्या ड्रायव्हरला.

सर्कलला आले तेव्हा चारही बाजूंनी बसगाड्या, बाइका, टेंपो. मला वळसा घालून उजवीकडं तळेगावच्या रस्त्याला लागायचं होतं. इंडिकेटर दिला, दोन्ही लेन धरल्या आणि हळूहळू आत शिरले. निम्मा वळसा झाला असेल. उजव्या आरशात पाहते तर एक पांढरी कार कठड्याच्या कडेनं पुढं सरकतेय. मी हॉर्न दिला. त्यानंही दिला, आणि पुढं आला.

मी ब्रेक दाबला.

पुढं गेले तर ट्रॉली कारवर जाणार. मागं घ्यावी तर मागं बाइका चिकटलेल्या, त्यात वळणावर भरलेली गाडी रिव्हर्स घेतली की घोडा आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. कारवाला उतरून माझ्या खिडकीखाली आला.

"पाटी वाचता येते का? डावी लेन लिहिलंय."

"वाचता येते. तुमची गाडी मागं घ्या."

"मी का घेऊ? चूक तुमची."

"चुकीचं नंतर बघू. तुमची गाडी मागं येते, माझी येत नाही."

बाइकवाल्यांची करमणूक सुरू झाली होती. एकजण म्हणाला, "ताई, उतरा, आम्ही ढकलतो." दुसरा म्हणाला, "भावा, बाईच्या हातात ट्रेलर कुणी दिला राव?" ट्रॅफिक हवालदार घाम पुसत आला आणि माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाला, "चाचा, तुम्ही बसा स्टेअरिंगवर. थोडी मागं घ्या, मोकळं करा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दारावर शेठचा नंबर रंगवलेला आहे, कुणीतरी लावला होता. शेठ म्हणाला, "सीट सोड. चाचाला बसव आत्ताच्या आत्ता. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

सीट सोडायला काय लागतं? नुसतं सरकायचं. बसमध्ये सरकतो, रस्त्यावर सरकतो, गेटवर साहेबाची गाडी आली की सरकतो. सगळं जग आपल्याला सरकायलाच सांगत असतं. नोकरी मला हवी होती, अगदी हवी होती. पण सरकले असते तर गाडी मागंच घ्यायची ठरली असती, आणि मागं त्या बाइका होत्या. मी हँडब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं.

चाचा डाव्या दारानं खाली उतरले. फोन स्पीकरवर होता. खालूनच ओरडले, "शेठ, आमी रस्त्यावर हाय. सीटवर कसं बसू?" आणि चालत जाऊन ट्रॉलीच्या मागं उभे राहिले.

"साहेब," मी हवालदाराला म्हणाले, "किल्ली माझ्याकडं आहे. एकदा मागं जाऊन बघून या. बघूनही गाडी मागं घे म्हणालात तर तसं तुमच्या तोंडानं व्हिडिओत सांगा." बाइकवाल्यांचे मोबाइल आधीच वर होते.

तो गेला. परत आला तेव्हा त्यानं शिट्टी काढली आणि कारच्या मागच्या बाइका हटवायला लागला. मघाशी ढकलतो म्हणणारा पोरगाच कारवाल्याला हात दाखवत होता, "घ्या काका, घ्या, अजून घ्या." कार कठड्याला घासत मागं गेली. मी इंजिन चालू केलं, चाचा चढले, आणि पुन्हा दोन्ही लेन धरून मी तळेगावच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी शेठच्या ऑफिसात उभी होते.

"चौक बंद पाडलास. उद्या परत तेच झालं तर?"

"परत थांबेन."

त्यानं चाचांकडं पाहिलं. चाचा म्हणाले, "आमी बी थांबतो, शेठ. आमच्यापायी तुमाला कुनी फोन करत न्हाई, एवढंच."

शेठ म्हणाला, "शिफ्ट सुटायच्या आत सर्कल पार करत जा. मग ठेवतो."

हो म्हणून निघून जायला हवं होतं, असं आजही घरचे म्हणतात. मी म्हणाले, "यार्डातून माल वेळेवर भरून द्यायला लावा, मग करते. ते तुमचं काम आहे."

शेठनं मला एकदा नखशिखांत पाहिलं आणि यार्डाच्या मॅनेजरला फोन लावला.