पोपट शिवला

बापटकाका माणसांशी जपानीत बोलत आणि पोपटांशी मराठीत भांडत. सकाळी माकडटोपी घालून, हातात बादली आणि ब्रश घेऊन ते अंगणात उभे राहत आणि वर बघून ओरडत, "मेल्यांनो, खायचं तर खा, अर्धवट फेकता कशाला?" जपानीत का ओरडत नाही, असं मी एकदा विचारलं. "जपानीत पुरेशा शिव्या नाहीत रे," ते म्हणाले.

टोकियोच्या या उपनगरात आम्ही घर घेतलं ते ऐन थंडीत. दुसऱ्याच सकाळी मेधानं, माझ्या बायकोनं, मला हलवून उठवलं. शेजारच्या अंगणात पर्सिमनचं, टोमॅटोसारख्या नारिंगी फळांचं झाड होतं. पानं सगळी झडलेली, खाली गवतावर दहिवर गोठलेलं, आणि फांद्यांवर हिरवेगार, लाल चोचीचे पोपट. आपल्याकडचेच.

"मला ताप आलाय का बघ," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून उत्तर आलं, तेही मराठीत. "ताप नाही, खरेच आहेत ते. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटले. आता इथलेच."

तोवर मी मोजले होते. सदतीस.

"मोजून कमी होत नाहीत," काका म्हणाले. "मी करून पाहिलंय."

काकांनी इथल्या एका विद्यापीठात आयुष्यभर लोखंडाच्या गंजावर संशोधन केलं होतं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. "गंज थांबत नाही, फक्त लांबवता येतो," हे त्यांचं वाक्य. ते दारच्या बिजागरीपासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत कशालाही लावत. गल्लीतले लोक पोपटांकडे बोट दाखवून कौतुकानं म्हणत, "बापट-सान, तुमच्या देशाचे!" काका हसून मान लववत आणि घरात आल्यावर चिडत. "मी काय पिंजऱ्यातून पळालो होतो? तिकीट काढून आलो."

झाड त्यांच्या पत्नीनं, हिसाएकाकूंनी लावलेलं. फळ तुरट, सोलून वळचणीला टांगून वाळवलं की गोड होतं. काकू सगळी फळं काढत, पण शेंड्यावरची मुद्दाम ठेवत. ती पाखरांची, असा इथला जुना रिवाज आहे. पोपटांनी वरची फळं संपवून वळचणीच्या माळांवर हल्ला केला, तेव्हासुद्धा काकू म्हणाल्या होत्या, "पाखरंच आहेत ना? मग झालं."

काही वर्षांनी, एका डिसेंबरात काकू गेल्या. इथले बौद्ध विधी झाले. दहाव्या दिवशी काकांनी झाडाखाली भाताचा गोळा, दही आणि तीळ ठेवले. "माझा विश्वास नाही," त्यांनी आम्हाला आधीच बजावलं, "पण माझी आई असती तर तिनं ठेवलं असतं." आम्ही तिघं थंडीत उभे राहिलो. एरवी या गल्लीत कावळ्यांचा सुळसुळाट; त्या दिवशी एक फिरकला नाही. जाळायचा कचरा बाहेर ठेवायचा वार होता. कावळे कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांवरची जाळी उचकटण्यात गुंतले होते.

"काहीतरी राहिलंय काकूंचं," मेधा हळूच म्हणाली.

 झाडाकडे बघत काका जपानीत एकच वाक्य बोलले. मी आहे तोवर झाड तुटणार नाही, एवढंच. थोड्या वेळानं एक पोपट खाली उतरला आणि त्यानं गोळ्यात चोच घातली.

"काका, कावळाच लागतो," मेधा म्हणाली.

"तिनं फळं पाखरांना ठेवली होती. कावळाच पाहिजे अशी अट नव्हती तिची. पोपट शिवला. चला, चहा घेऊ."

पण दिलेला शब्द जड होता. थव्याचा कलकलाट आणि विष्ठा, दोन्ही वाढत गेलं. वस्तीच्या मंडळाचे प्रमुख मोरी-सान यांची गाडी नेमकी झाडाजवळ उभी असे. एकदा ते मिठाईचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "झाड छान मोठं झालंय, नाही?" इथे याचा अर्थ, तोडा. काकांनी डबा घेतला, दोनदा माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून मोरी-सानांची गाडी आणि समोरचा रस्ता रोज स्वतः धुवायला लागले. वय अठ्ठ्याहत्तर.

रविवारची बादली मी घेतली. आठवडाभराच्या ऑफिसनंतर ते गार पाणी नकोसं व्हायचं. "काका, झाड एकदा तोडावं लागेल, रस्ता रोज धुवावा लागतो," मी एकदा म्हणालो. "हिशेब सोपा आहे."

"सोपाच आहे, सुहास." ते पायरीवर बसले. "दमलोय रे मी. पण झाडामुळे नाही दमलो. झाड आहे म्हणून सकाळी उठतो तरी."

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. पुण्याचा पुतण्या आला, सगळं नीट करून गेला आणि घर विकायला काढून गेला. एजंट म्हणाला, नवं घर बांधायचं तर आधी झाड जाईल. दहाव्या दिवशी मी झाडाखाली भात ठेवला. कावळा आला नाही. काय राहिलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"म्हणून टाक ना, झाड राखतो म्हणून," मेधा म्हणाली.

"झाड माझं नाही. खोटं कसं सांगू?"

"मग उभा राहा असाच."

उभा राहिलो. पाय बधिर झाले. पायाशी पोपटांनी फोडलेलं एक फळ पडलं होतं. त्यातल्या बिया मी बोटांनी काढल्या. पर्सिमन धरायला आठ वर्षं लागतात, असं इथे म्हणतात. मी बावन्नचा. साठाव्या वर्षी पहिलं फळ, आणि पुढे माझ्या दारात तोच कलकलाट, मोरी-सानांची तीच गाडी.

"काका," मी म्हणालो, "एक झाड माझ्या अंगणात लावतो. शेंड्यावरची फळं काढणार नाही. रस्ता मी धुईन."

कावळा नाहीच आला. पोपट आले. एकानं भात खाल्ला, अर्धा सांडला, आणि जाता जाता मोरी-सानांच्या गाडीवर घाण करून गेला.

मी काकांची बादली आणायला गेलो. कडी गंजली होती. तिला तेल लावलं आणि नळ सोडला.