डाव्या सीटवरचे दाभाडे सर

दाभाडे सरांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहिणे शोभत नाही, पण मला पुढे याहून अवघड गोष्ट लिहायची आहे, तेव्हा सुरुवात खरीच केलेली बरी.

मी वाळूजला टूलरूम, म्हणजे यंत्रांचे साचे आणि हत्यारे बनवण्याचा कारखाना चालवतो. सात वर्षांपूर्वी हौसेने एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली आणि आमच्या क्लबच्या ट्रॅक-डेला गेलो. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या चाचणी-ट्रॅकवर रविवारी ज्याने त्याने आपली गाडी आणायची आणि शेजारी प्रशिक्षक बसवून ती वेगात चालवायला शिकायचे, असा तो उपक्रम. माझ्या वाट्याला उत्तमराव दाभाडे आले. मूळचे देवगाव रंगारीचे, उभी हयात गाड्यांच्या चाचण्या घेऊन निवृत्त झालेले. त्यांनी मी हौसेने आणलेल्या गाडीकडे पाहिलेच नाही. माझ्या जाड तळव्यांच्या बुटांकडे पाहिले.

"हे काढा. एवढ्या जाड बुटात पायाला काय कळणार?"

मी म्हटले, "वीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"व्हय, पण पायाला अजून नाय कळलेलं."

बराच वेळ हुज्जत घातली आणि हरलो. सरांनी पिशवीतून स्वतःचे झिजलेले कापडी बूट काढून दिले. ते मला चावत होते, तरी दिवसभर तेच घालून शिकलो.

सरांची शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. तिथे गाडी घसरवण्यासाठी टँकर ओतणे त्यांना पटत नसे. ओळखीच्या गॅरेजात गाड्या धुतलेले पाणी ते टाकीत साठवून आणत. ते साबणाचे पाणी काँक्रीटच्या पट्ट्यावर सोडले की तीसच्या वेगातही गाडी मागून सुटे. वळणावर मागची चाके पकड सोडून बाहेर जातात आणि नाक आत वळते, त्याला सगळे ओव्हरस्टीअर म्हणतात. सर 'मागून सुटली' एवढेच म्हणत. त्या पट्ट्यावर मी पहिल्या दिवशी नऊ वेळा भोवऱ्यासारखा फिरलो. काठावर उभे असलेले दोघे जण हसले, तर सरांनी पुढचा नंबर त्यांचाच लावला. तेही फिरले. नंतर तिथे कुणी कुणाला हसले नाही.

त्यांचे सांगणे थोडक्यात असे. "सुटली तर सुटू द्या. जिकडं जायचंय तिकडं बघा, हात आपसूक तिकडं वळतो. पण घाबरून पाय उचलू नका." वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की गाडीचे वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. ऐकायला सोपे आहे. पण भीती वाटली की माणसाचा पाय आधी उचलला जातो आणि अक्कल मागून येते. म्हणूनच सर डाव्या सीटवर बसले की रस्त्याइतकेच लक्ष शिकणाऱ्याच्या उजव्या पायाकडे ठेवत.

तिसऱ्या महिन्यात ते मला अरे-तुरे करू लागले. मला बढती मिळाल्यासारखे वाटले.

आता ती अवघड गोष्ट.

चार वर्षांपूर्वीचा रविवार, सकाळची वेळ. तिसरे वळण उजवीकडचे आणि लांबलचक आहे, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला मातीचा बांध आहे. त्या दिवशी मी फुशारकीत होतो. वळणात शिरलो तेव्हाच वेग जास्त आहे हे मला कळले होते. वळणाच्या मध्यावर पाठीखालची सीट डावीकडे सरकल्यासारखी वाटली. मागून सुटली होती.

"धर. पाय तसाच धर. पुढं बघ," सर म्हणाले. आवाज चहा मागताना असतो तेवढाच शांत.

मी पुढे बघितले नाही. बांधाकडे बघितले. आणि पाय उचलला, पूर्ण उचलला.

गाडी गर्रकन फिरली आणि डावी बाजू बांधावर आदळली. धूळ खाली बसेपर्यंत मी स्टीअरिंग धरूनच होतो. सरांनी आधी विचारले, "लागलं का तुला?" मला काहीच लागले नव्हते. त्यांचा डावा हात मनगटात मोडला होता.

क्लबची माणसे धावत आली. काय झाले, असे विचारले. मी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, "मीच म्हणलो, पाय काढ. माझं चुकलं."

मी गप्प राहिलो. दवाखान्यात सरांच्या कन्या सुजाताताई आल्या. "बाबा, असं कसं सांगितलं तुम्ही?" असे विचारताना त्या रडत होत्या, तेव्हाही मी गप्पच होतो. आता वय झाले, यापुढे कुणाच्या शेजारी बसायचे नाही, असा शब्द त्यांनी सरांकडून तिथेच घेतला. क्लबनेही मग सन्मानाने 'विश्रांती घ्या' म्हणून सांगितले.

आठवड्याने मी सरांना विचारले, खोटे का बोललात? ते म्हणाले, "तुझा चेहरा पाहिला मी. ती चूक तुझ्या डोक्यावर बसली असती तर तू पुन्हा रस्त्यावरबी स्टीअरिंग धरलं नसतं. लेकरांना शाळेत कोण सोडणार मग?" पुढच्या महिन्यात प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ते ओल्या पट्ट्यापासून लांब उभे राहिले. मला एकट्याला गाडीत बसवले आणि पाय टिकेपर्यंत लांबूनच ओरडत राहिले. ट्रॅकवरचा तो त्यांचा शेवटचा दिवस.

मी आज गाडी चालवतो ती त्यांच्यामुळे. आणि ते घरी बसले आहेत ते माझ्यामुळे. आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षे मी हे गिळून बसलो, याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात सुजाताताईंनी या ग्रंथासाठी लेख मागितला आणि सोबत प्रस्तावना पाठवली. तीत एक वाक्य आहे : 'उतारवयातल्या एका अपघाताचा अपवाद सोडला, तर सरांचा शब्द कधी चुकला नाही.' ताई, तो अपवाद खोडून टाका. त्या दिवशीही सरांचा शब्द बरोबर होता. पाय माझा चुकला.

लेख पाठवण्याआधी सरांना वाचून दाखवायचे ठरवले. मंगळवारी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला होता, तो तसाच निवला. तिसऱ्या वळणापर्यंत आलो आणि अडलो. उरलेले 'नंतर वाचतो' म्हणून पाने मिटावीत, असे फार वाटले. तरी वाचत गेलो, शेवटपर्यंत. मान वर केली तर सर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. खुर्चीखालच्या माझ्या उजव्या पायाकडे बघत होते.

"गौरवग्रंथात कुणी आपली फजिती लिहितं व्हय?" ते म्हणाले. मग डोळे पुसले. "थरथरला लई. पण उचलला नाय."

सर पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि त्यांचे मनगट अशीच शाबूत राहोत, ही माझी आणि त्यांच्या हाताखाली फिरलेल्या आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा आहे. आणि ताई, त्यांनी तुम्हाला दिलेला शब्द तुम्हीच परत करू शकता. येत्या रविवारी साबणाचे पाणी मी आणतो. कापडी बूट अजून माझ्याकडेच आहेत, आणि डावी सीट रिकामी ठेवली आहे.